मुंबईत मनाच्या डॉक्टरचं दार तुम्हाला कसं सापडलं?

शिडीवरची :
काल माळा आवरताना निळी प्लॅस्टिकची फाइल हाती लागली. आत धाकट्या भावाचे परळच्या केईएम हॉस्पिटलचे केसपेपर. वरच्या कागदावर आईच्या अक्षरात, पेन्सिलीने, "बुधवार. सकाळी. काकूंना विचारणे." तशीच शिडीवर बसून राहिले.

२०११ सालची गोष्ट. तो बावीस वर्षांचा. आधी झोप गेली, मग जेवण, मग कॉलेज. शेजारचे आपल्याबद्दलच बोलतात म्हणून दिवसाढवळ्या खिडक्या लावून घ्यायचा. आम्ही डोंबिवलीत, दोन्ही बाजूंना दवाखान्यांच्या पाट्याच पाट्या, तरी आठ महिने भलत्याच दारांत गेले. अशक्तपणा म्हणून टॉनिक, धडधड म्हणून कार्डिओग्राम, मग डोक्याचा स्कॅन. रिपोर्ट नॉर्मल आला की आम्हाला हायसं वाटायचं आणि तो आणखी गप्प व्हायचा.

खालच्या मजल्यावरच्या काकू निवृत्त नर्स. एक दिवस आईला म्हणाल्या, "उद्या सात पन्नासची स्लो लोकल. मी येते सोबत." बस, एवढंच. केसपेपरची रांग कुठली, मानसोपचारची ओपीडी कुठे, पुढच्या वेळी त्याच डॉक्टरांच्या युनिटच्या वाराला यायचं, सगळं त्यांना पाठ. आत डॉक्टर अगदी तरुण होत्या. आई बोलायला लागली तर तिला हाताने थांबवून त्यांनी आधी त्याला विचारलं, "तुम्हाला काय त्रास होतोय?" आठ महिन्यांत त्याला हे कोणी विचारलंच नव्हतं. फाइल दोन्ही हातांनी छातीशी धरून तो बोलला. बराच वेळ बोलला.

आज नोकरी करतो, गोळ्या चालू आहेत, त्याला विचारूनच लिहितेय. तुम्हाला दार कसं सापडलं? कोण घेऊन गेलं? लिहा ना. कोणाच्या तरी घरात आत्ता हेच चालू असेल.

हार्बरकर :
काकूंना नमस्कार सांगा. अशी एक काकू प्रत्येक सोसायटीत हवी.

जांभळी छत्री :
आमच्याकडे बाळंतपणानंतर. बाळ दीड महिन्याचं, मला ते जवळ घ्यावंसंच वाटेना. रडू यायचं आणि रडण्याची लाज वाटायची. ओळखलं कोणी, तर सासूबाईंनी! आमचं फारसं पटत नाही, अजूनही नाही. पण त्यांनी बाळाच्या डॉक्टरांना सगळ्यांदेखत विचारलं, "बाळाचं वजन ठीक आहे, हिचं काय?" डॉक्टरांनी तिथल्या तिथे चिठ्ठी लिहून दिली. थायरॉइड तपासलं, तेही बिघडलेलं निघालं, आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. अंगावर पाजत असताना चालतील अशी औषधं असतात, हेही तिथेच कळलं. मी उगाच दूध तोडायच्या तयारीत होते. बाळ उठलं, नंतर लिहिते.

कोरा कागद :
लांबलचक आहे, पण कोणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून लिहितो. माझी फसगत झाली. घराजवळ मोठी पाटी होती, 'मनोविकार समुपदेशन', नावापुढे अक्षरंच अक्षरं. पाच महिने गेलो. त्यांनी सांगितलं, गोळ्या सोडा, विचार बदला. आधीच्या डॉक्टरांची गोळी चालू होती, ती मी एका दिवसात बंद केली. चौथ्या दिवसापासून मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायचं. जिना उतरताना कठडा धरायला लागायचा. नोकरीला जाणं बंद. शेवटी घाबरून जुन्या डॉक्टरांकडे परत गेलो. ते रागावले नाहीत. म्हणाले, "गोळी बंद करायला माझी ना नाही, पण ती हळूहळू उतरवायची असते." परत चालू केली, वर्षभराने उतरवत उतरवत बंदही झाली.

मग नीट माहिती काढली. मनाच्या आजाराच्या गोळ्या लिहून देणं किंवा बंद करणं हे डॉक्टरचंच काम, शक्यतो मानसोपचारतज्ज्ञाचं, म्हणजे एमबीबीएसनंतर त्या विषयात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेल्या डॉक्टरचं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हे डॉक्टर नव्हेत, पण त्यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते, नंबर असतो. तो मागायचा. मागितल्यावर जो चिडतो त्याच्याकडे जायचं नाही. मी आता कोणालाही सांगताना हे एवढं एकच सांगतो.

शेवटची लोकल :
कोरा कागद, ते वीज चमकल्यासारखं... मला वाटायचं हे मला एकट्यालाच झालं. डॉक्टरांना सांगताना शब्द सापडत नव्हते. धन्यवाद रे.

कोरा कागद :
नाही रे, एकटा नाहीस. बऱ्याच जणांना होतं असं डॉक्टर म्हणाले.

हार्बरकर :
थोडं विषयांतर, पण केईएमला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी. हार्बरवरून येत असाल तर कुर्ल्याची गर्दी अंगावर घेऊ नका, सरळ शिवडीला उतरा. वेस्टर्नवाल्यांनी प्रभादेवी, म्हणजे आपलं जुनं एल्फिन्स्टन. टॅक्सीवाला विचारेल "टाटा की केईएम?" कारण दोन्ही हॉस्पिटलं शेजारीशेजारी. माझी आजी टाटा ऐकूनच रडायला लागली होती, तिला वाटलं आपल्याला कॅन्सर झालाय आणि हे सांगत नाहीयेत. तिला नुसतं झोपेचं औषध हवं होतं बिचारीला.

शिडीवरची :
अगं बाई, आजींची काय अवस्था झाली असेल! आमची आईसुद्धा परळला उतरताना माझा हात सोडेना.

गॅलरीतली तुळस :
भाषेबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. माझे पहिले समुपदेशक चांगले होते, खरंच चांगले, पण सगळं इंग्रजीत. मी ऑफिसात दिवसभर इंग्रजी बोलते, तरी तिथे बसले की वाक्य मनात मराठीत यायचं, मी ते इंग्रजीत करायची, आणि तोवर त्यातला जीव जायचा. 'घुसमट' हा शब्द सांगायला मी दहा मिनिटं घेतली. त्यांनी वहीत लिहून घेतलं 'स्ट्रेस'. घुसमट म्हणजे स्ट्रेस नाही हो!

मग एका मैत्रिणीने ठाण्याच्या आयपीएचचं नाव सांगितलं. डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली सुरू केलेली मानसिक आरोग्याची संस्था. तिथे समोरच्या ताईंनी विचारलं, "हे कधीपासून मनात साठलंय?" साठलंय म्हणाल्या. मी पंधरा मिनिटं नुसती रडले. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि थांबल्या, घड्याळाकडे बघितलं नाही. पहिल्याच फोनवर निःसंकोच विचारा, मराठीत बोलणारं कोणी आहे का. कुठेही असलात तरी विचारा.

जांभळी छत्री :
तुळस, घुसमट अगदी पटलं. मला 'उचंबळून येतं' कसं सांगायचं हा प्रश्न पडला होता 🙂 बाळ परत झोपलं. हो, ते बाळ आता पाचवीत आहे, सवयीने बाळच लिहिते.

उंबरठा :
वडील ७१. निवृत्तीनंतर दोन-तीन वर्षांत नावं विसरायला लागले, पेपर उघडून तसेच बसायचे. आम्ही घरीच ठरवून टाकलं, स्मृतिभ्रंश. डॉक्टरांनी बी-१२ आणि थायरॉइड तपासायला सांगितलं आणि म्हणाले, उतारवयात नैराश्यसुद्धा असंच दिसतं. बी-१२ कमी होतं आणि नैराश्यही होतं. गोळी सुरू केल्यावर पहिले तीन आठवडे काहीच फरक नाही. मी तर डॉक्टर बदलायला निघालो होतो. पाचव्या आठवड्यात सकाळी बाबांनी शब्दकोडं मागितलं, आणि पेन.

मात्र नंतर एकदा आठवडाभर ॲडमिट करावं लागलं, तेव्हा विमा कंपनीने दावा नाकारला. कारण लिहिलं, मानसिक आजार बसत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, लागू २९ मे २०१८ पासून. कलम २१(४) सांगतं की शारीरिक आजाराला ज्या आधारावर विमा, त्याच आधारावर मानसिक आजारालाही दिला पाहिजे. हे कलम लिहून कंपनीच्या तक्रार विभागाला पत्र दिलं, तरी हलेनात, मग विमा लोकपालाकडे गेलो. पैसे मिळाले. डिस्चार्ज समरी आणि बिलांच्या झेरॉक्स नीट जपून ठेवा, लोकहो.

शेवटची लोकल :
उंबरठा दादा, शब्दकोडं सुटलं का?

उंबरठा :
चार शब्द राहिले. ते मला विचारले. मलाही आले नाहीत.

रातराणी :
सगळं वाचतेय. बाथरूममध्ये बसून. मला कोणाला काय विचारायचं तेच कळत नाही. दोन महिने झाले. घरी सांगितलं तर म्हणतात तू विचार फार करतेस.

शिडीवरची :
रातराणी, बरं केलंस लिहिलंस. आत्ता या घडीला १४४१६ लाव. टेलि-मानस, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. काय विचारायचं याची तयारी लागत नाही. "मला झोप येत नाही" एवढ्यावरून सुरू कर, पुढचं त्या विचारतात. आणि स्वतःला काही करून घ्यावंसं वाटत असेल तर एकटी थांबू नकोस. घरातल्या कोणालाही उठव आणि जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा, रात्रीसुद्धा. वाटतंय का तसं?

रातराणी :
तसं नाही. दमलेय फक्त. करते फोन.

पाऊसवेडा :
आमच्याकडे नवऱ्याची दारू. मानसिक आरोग्यात हे धरतात की नाही मला माहीतच नव्हतं, मी ते वेगळंच समजत होते. मावशीने पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचं नाव सांगितलं, १९८६ पासून चालू आहे. त्याला ॲडमिट केलं आणि मला वाटलं आता माझं काम संपलं. तर तिथे बायकांसाठी वेगळा गट, सहचरी. पहिल्या दिवशी मी मागे बसले, पदर तोंडाशी. समोरच्या बाईने सांगितलं, मी रात्री त्याच्या बुटांचा आवाज ऐकून ओळखायचे, आज किती प्यायलाय. मी खुर्ची पुढे ओढली. मीसुद्धा तशीच ओळखायचे.

इतकी वर्षं मलाही मदत लागते हे कोणी सांगितलंच नव्हतं. मुंबईत परत आल्यावर त्याच्या एएच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या मिटिंगा, आणि माझ्या अल-अनॉनच्या, तो त्यांच्या घरच्यांचा गट. दोन्ही ठिकाणी आडनाव सांगावं लागत नाही. कुकर झाला, जाते.

गॅलरीतली तुळस :
बुटांचा आवाज... पाऊसवेडा, तुम्हाला घट्ट मिठी.

पोटमाळा :
माझं छोटं. हॉस्टेलवर होतो, पैसे नव्हते. टिसच्या (टाटा समाजविज्ञान संस्थेच्या) आयकॉल या समुपदेशन हेल्पलाइनला फोन केला. कोणी ऐकेल ही भीती म्हणून गच्चीवर जाऊन बोललो. पलीकडून आधी विचारलं, "आत्ता मोकळेपणाने बोलता येईल अशा जागी आहात ना?" एवढ्यानेच बरं वाटलं होतं.

हार्बरकर :
कोणाला सायन हॉस्पिटलच्या ओपीडीची वेळ माहीत आहे का? मावसभावासाठी.

कोरा कागद :
पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलांत नवीन केसपेपर सकाळीच निघतात. लवकर जा, मानसोपचारचे वार खिडकीवर विचारून घ्या. आणि मावसभावाला एकट्याला पाठवू नका.

हार्बरकर :
मीच जातोय बरोबर. रजा टाकली.

रातराणी :
फोन केला. बाई होत्या, मराठीत बोलल्या. मी बरंच बोलले बहुतेक, फोन गरम झाला होता. जवळच्या हॉस्पिटलचं नाव दिलं. मंगळवारी जातेय. ताईला सांगितलं, ती येते म्हणाली. ती ओरडेल असं वाटलं होतं, ती म्हणाली मला आधी का नाही सांगितलंस.

शिडीवरची :
चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन जा, कॅल्शियमच्यासुद्धा. झोप कधीपासून गेली ते एका कागदावर लिहून ठेव, आत गेल्यावर आठवत नाही. आणि ताईला सांग, आधी तुला बोलू दे.

रातराणी :
लिहिते. पेन्सिल चालेल ना 🙂