मदत हवी आहे : बाजरीची भाकरी की पालेभाजी? मुलीच्या ताटात नेमकं काय वाढवू?

नमस्कार. मुलगी १४ वर्षांची आहे. मागच्या तपासणीत हिमोग्लोबिन १०.४ आलं. या वयाच्या मुलींना ते निदान १२ हवं. फेरिटिनही (म्हणजे अंगातला लोहाचा साठा) कमी आहे. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात, त्या नियमित चालू आहेत, त्याबद्दल काही विचारायचं नाही. विचारायचंय ते जेवणाबद्दल. "धान्यं आणि पालेभाज्या वाढवा" एवढंच सांगितलं गेलं. कुठलं धान्य, कुठली भाजी, किती, हे विचारायच्या आत पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं होतं.

घरात दोन तट पडलेत. सासूबाई नगरकडच्या. त्यांचं म्हणणं, दोन्ही वेळेला बाजरीची भाकरी दे, रक्त आपोआप भरेल, पाला खाऊन कुणाला ताकद आली? नवऱ्याला रोज सकाळी पालकाचा रस काढून द्यायचाय. दोघांचाही जीव तुटतोय पोरीसाठी, त्यामुळे कुणालाच मोडता घालवत नाही. पण पोरीचं पोट एकच, आणि भूक बेताची. म्हणून म्हटलं, आकडे बघून ठरवावं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले, ते घेऊन बसले. १०० ग्रॅममागे लोह : बाजरी साधारण ६.४ मिलिग्रॅम, मेथी ५.७, माठ ४.६, नाचणी ४.६, ज्वारी ४, गव्हाचं पीठ ४, पालक ३, आणि पॉलिशचा तांदूळ जेमतेम ०.६५. म्हणजे बाजरी पहिली, सासूबाईंचं बरोबर.

पण मग लक्षात आलं की १०० ग्रॅम बाजरी म्हणजे कोरडं धान्य आणि १०० ग्रॅम मेथी म्हणजे त्यात ८५-९० टक्के पाणीच. बाजरीच्या १०० ग्रॅममध्ये ३४८ उष्मांक आहेत, मेथीच्या १०० ग्रॅममध्ये ३५ च्या आतबाहेर. उष्मांकामागे लोह मोजलं तर मेथी बाजरीच्या जवळजवळ नऊपट भरते. मग नवऱ्याचं बरोबर?

तिसरा हिशोब ताटाचा केला. आमच्याकडे एका भाकरीला ६० ग्रॅमच्या आसपास पीठ लागतं. दोन भाकऱ्यांतून पावणेआठच्या आसपास मिलिग्रॅम लोह मिळतं. मेथीची जुडी निवडून चौघांत वाटली की एकेकाच्या वाट्याला कच्ची ५० ग्रॅम येते, कढईत शिजली की दोन घास. त्यातून पावणेतीन मिलिग्रॅम. या वयाच्या मुलीला दिवसाला ३० मिलिग्रॅम लागतं म्हणे. म्हणजे पुन्हा भाकरी पुढे. तीन मापं, तीन उत्तरं, आणि मी होते तिथेच.

बाकीच्या घटकांचं तर आणखी वेगळं. दोन भाकऱ्यांतून १३ ग्रॅम प्रथिनं आणि तेवढाच चोथा मिळतो, पाल्यातून प्रथिनं नावाला. उलट कॅल्शियम बघा : बाजरीत १०० ग्रॅममागे २७ मिलिग्रॅम, मेथीत २७४, माठात ३३०, शेवग्याच्या पाल्यात ३१४. धान्यांत एकटी नाचणी त्या पंगतीत बसते, ३६४. क जीवनसत्त्व धान्यात नाहीच, शेवग्याच्या पाल्यात १०० च्या वर. फोलेट (रक्त तयार व्हायला लागणारं एक ब जीवनसत्त्व) पालकात १४२ मायक्रोग्रॅम, बाजरीत त्याच्या पाव हिश्शाएवढं.

शिवाय वाचलं की तक्त्यातलं सगळं लोह अंगाला लागत नाही. धान्यातलं फायटेट ते अडवतं, आणि पालकातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं. हे खरं असेल तर माझ्या हिशोबाला अर्थच काय राहिला?

तर जाणकारांनी सांगा :
भाकरी आणि पालेभाजी यांची तुलना करायचं योग्य माप कुठलं?
पालकाच्या रसाचा खरंच उपयोग आहे का?
शोषण वाढवायला घरच्या घरी काय करता येईल? पोरगी मेथीचं थालीपीठ आवडीने खाते, साधी पालेभाजी समोर आली की उठून जाते. तिला आवडेल असं काही सुचवलंत तर फार बरं होईल.

प्रतिसाद १

ताई, मी आहारतज्ज्ञ आहे. तुमचा तिसरा हिशोब योग्य. माणूस ग्रॅम खात नाही, वाटी आणि भाकरी खातो. मात्र त्या हिशोबात भाकरी आणि भाजी वेगवेगळ्या धरू नका. वनस्पतीतलं लोह मुळातच कमी शोषलं जातं, आणि त्याच घासात काय आहे यावर ते बरंच कमीजास्त होतं. फायटेट लोहाला धरून ठेवतं, क जीवनसत्त्व ते सोडवतं. बाजरीच्या भाकरीबरोबर लिंबू पिळलेली कोशिंबीर, कच्ची कोथिंबीर किंवा आवळ्याचं लोणचं असेल तर त्याच भाकरीतलं जास्त लोह अंगी लागेल. पालेभाजी शिजवताना क जीवनसत्त्व बरंच जातं, म्हणून काहीतरी कच्चं आंबट हवंच. पेरू सगळ्यात सोपा, जेवण झाल्यावर एक खायला द्या.

पालकाबद्दल स्पष्ट सांगते. फोलेट आणि बीटा कॅरोटीनसाठी (त्याचं अंगात अ जीवनसत्त्व होतं) पालक उत्तम. कॅल्शियमसाठी नाही. त्यातलं फक्त ५ टक्क्यांच्या आसपास शोषलं जातं, दुधातलं जवळजवळ एक तृतीयांश. कॅल्शियमसाठी मेथी आणि शेवगा घ्या. रस गाळला की चोथा गेला, आणि बीटा कॅरोटीन शोषायला स्निग्ध पदार्थ लागतो तो रसात नसतो. त्यापेक्षा लसणाची फोडणी दिलेली पालकाची पातळ भाजी द्या. तिच्यात पाणीही वाया जात नाही. भाजी उकडून, पिळून पाणी ओतून देण्याची सवय असेल तर मोडा. भाजी चिरल्यावर धुऊ नका, आधी धुवा.

जेवणाला लागून चहा अजिबात नको, निदान तासाभराचं अंतर ठेवा. गोळीही चहादुधाबरोबर देऊ नका. आणि हिमोग्लोबिन वाढलेलं दिसलं म्हणून गोळ्या आपल्या मनाने थांबवू नका, डॉक्टर सांगतील तोवर चालू राहू द्या. साठा भरायला वेळ लागतो, तो फक्त जेवणातून लवकर भरत नाही.

प्रतिसाद २

सासूबाईंच्या बाजूने चार शब्द, मी पण नगर जिल्ह्यातलाच. बाजरी घेताना वाण विचारा. 'धनशक्ती' नावाचा जास्त लोहाचा वाण आहे, राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीकसंशोधन संस्था यांचं काम, महाराष्ट्रात २०१२ पासून. महाराष्ट्रातल्याच १२ ते १६ वयाच्या शाळकरी मुलामुलींना अशा जास्त लोहाच्या बाजरीच्या भाकऱ्या देऊन अभ्यास झाला होता, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या गटाला साधी बाजरी दिली होती. जास्त लोहाच्या गटातल्या मुलांचं फेरिटिन ४ महिन्यांत जास्त वाढलं. तुमच्या मुलीच्या वयाचीच मुलं ही, म्हणून आवर्जून लिहिलं.

पीठ मात्र थोडं थोडं दळून आणा. बाजरीत तेलाचा अंश जास्त, पीठ जुनं झालं की कडवट होतं. पोरं बाजरी नको म्हणतात ती पुष्कळदा या कडूपणामुळे. आठवड्यापुरतंच दळायचं, आणि गिरणीत आधी बाजरीच दळली गेली असेल तेव्हा आपली टाकायची. आणि पीठ चाळलं तरी वर राहणारा कोंडा परत त्यातच मिसळा.

प्रतिसाद ३

बाळा, लातूरकडची अंबाडीची भाजी करून बघ. त्यात धान्य आणि पाला एकाच पातेल्यात. ज्वारीच्या कण्या आणि हरभऱ्याची डाळ तासभर भिजत घाल. अंबाडीची पानं धुऊन, चिरून उकडून घे. फार आंबट असेल तर थोडं पाणी काढ, सगळं नको. मग पानं, कण्या, डाळ, मूठभर शेंगदाणे, हिरवी मिरची एकत्र शिजवून रवीने घोटायचं. कण्या फुटून भाजी मिळून आली पाहिजे. वरून तेलात भरपूर लसूण लाल करून ओत. ताटात वाढल्यावर भाजीत खळगा करून कच्चं तेल घालतात आमच्याकडे. पालेभाजी न खाणारी माझी नातवंडं ही बोटं चाटून खातात. मेथीचं थालीपीठ आवडतं ना तिला? मग भाजणीत बाजरी जास्त घाल आणि मेथी दुप्पट. वेगळी भाजी खा म्हणून मागे लागूच नको.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाईंना दुसरा प्रतिसाद वाचून दाखवला, त्या खूश आहेत. नवऱ्याने पालक फोडणीला द्यायचं कबूल केलंय. थालीपिठात मेथी दुप्पट करतेय आणि सोबत लिंबू आणि कच्चा कांदा. एक शंका राहिली. उन्हाळ्यात बाजरी उष्ण पडते म्हणून घरात बंद होते. मग काय करू? आणि नाचणीचं आंबील चालेल का?

प्रतिसाद १

उन्हाळ्यात ज्वारी करा. लोह बाजरीपेक्षा कमी, पण गव्हाच्या पिठाएवढं आहे, आणि सोबत मटकी किंवा हरभऱ्याची उसळ वाढवली की ती तूट भरून निघेल. धान्यात लायसिन (प्रथिनांतला एक गरजेचा घटक) कमी असतं, तेही कडधान्यातून मिळतं. आंबील जरूर द्या, रात्रभर आंबवल्याने फायटेट कमी होतं. फक्त जेवणाबरोबर नको, चार वाजता द्या. नाचणी आणि ताक दोन्हींत कॅल्शियम भरपूर, आणि एकाच वेळी पोटात गेलं तर ते लोहाच्या आड येतं. पुढची तपासणी डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेलाच करा आणि फेरिटिनचा आकडा इथे लिहा, म्हणजे पुढचं ठरवता येईल.