सरकारची 'कमिटमेंट' मराठीत कशी लिहायची : आश्वासन, हमी, वचनबद्धता की आणखी काही?

तळटीप
सरकारी अहवाल मराठीत आणताना 'कमिटमेंट' पानोपानी आडवा येतो. कोशांत वचनबद्धता, बांधिलकी, प्रतिबद्धता हे पर्याय आहेत. वर्तमानपत्रांत सरकार सदैव 'कटिबद्ध' असते, म्हणजे कंबर कसून उभे असते, पुढे काय करते ते कळत नाही. केंद्र सरकार संसदेत, कायद्यात, अर्थसंकल्पात आणि आंतरराष्ट्रीय करारात जे कबूल करते त्या सगळ्याला एकच शब्द चालेल का? 'हमीभाव' आणि 'रोजगार हमी' यांतली हमी एकच का? आणि 'आश्वासन' हा शब्द पार झिजला आहे, तो टाळावा का?

लेखाशीर्ष
टाळू नका. झिजला आहे तो सभेतला, सभागृहातला नव्हे.

मुळात आ + श्वस्. घाबरलेल्याला श्वास घेऊ देणे, धीर देणे. जुन्या मराठीत 'त्याचे आश्वासन केले' म्हणजे त्याचे सांत्वन केले. देण्याघेण्याचा त्यात काही संबंध नव्हता, आणि राजकीय भाषणातला अर्थ अजून तिथेच आहे. संसदेत मात्र तो पारिभाषिक शब्द आहे. लोकसभेची शासकीय आश्वासन समिती १९५३ पासून आहे. तिचे जास्तीत जास्त १५ सदस्य लोकसभाध्यक्ष नेमतात आणि मंत्र्याला तिच्यावर घेता येत नाही. राज्यसभेची समिती १९७२ सालची, १० सदस्यांची.

काम असे चालते. मंत्री सभागृहात उत्तर देतो. त्यातून आश्वासन कुठे निघते ते संसदीय कार्य मंत्रालय वेचून काढते आणि संबंधित खात्याला कळवते. आश्वासन दिल्या दिवसापासून तीन महिन्यांत पूर्तता करून तसे विवरण पटलावर ठेवायचे. जमले नाही तर मुदतवाढ मागायची. अजिबातच शक्य नसेल तर आश्वासन वगळण्याची विनंती कारणांसह करायची. दोन्ही ठिकाणी समिती हो म्हणेलच असे नाही. २०१८ पासून हा सगळा माग ऑनलाइन ठेवला जातो. लोकसभा विसर्जित झाली म्हणून प्रलंबित आश्वासने रद्द होत नाहीत, पुढच्या समितीकडे जातात.

शब्दचर्चेच्या दृष्टीने गंमत पुढे आहे. कोणते वाक्य आश्वासन धरायचे याची ठराविक वाक्प्रयोगांची यादीच ठरलेली आहे. 'विषय विचाराधीन आहे', 'मी त्यात लक्ष घालीन', 'चौकशी सुरू आहे', 'माहिती गोळा करून सभागृहापुढे ठेवू' ही त्यातली वाक्ये. आपण 'विचाराधीन' ऐकले की प्रकरण फडताळात गेले असे समजतो. सभागृहात त्याच शब्दाने तीन महिन्यांचे घड्याळ सुरू होते. म्हणून उत्तराचा मसुदा करणारा जाणता कक्ष अधिकारी 'विचाराधीन' लिहीत नाही, 'ही निरंतर चालणारी प्रक्रिया आहे' असे लिहितो. निरंतर प्रक्रियेला पूर्ततेची तारीख नसते.

काना-मात्रा
मग पत्रकार परिषदेतले किंवा लाल किल्ल्यावरचे बोलणे?

लेखाशीर्ष
ती 'घोषणा'. समितीच्या कक्षेत फक्त सभागृहात बोललेले येते. तीच गोष्ट मंत्र्याने नंतर तारांकित प्रश्नाच्या उत्तरात पुन्हा सांगितली तर आश्वासन होऊ शकते. म्हणून जाणते खासदार बाहेरची घोषणा प्रश्न विचारून आत ओढून आणतात.

काना-मात्रा
निवडणुकीतला कागद राहिला. 'जाहीरनामा' हा मूळ सत्तेचा शब्द, १८५८ चा राणीचा जाहीरनामा आठवा. तो पक्षांकडे आला आणि मग प्रत्येकाला त्याहून वजनदार नाव हवे झाले : शिवसेनेचा वचननामा, भाजपचे संकल्पपत्र, २०२४ ला काँग्रेसचे न्यायपत्र. नाव कोणतेही असले तरी त्यावरून कोर्टात अंमलबजावणी मागता येत नाही. २०१३ च्या तामिळनाडूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जाहीरनाम्यातली वचने भ्रष्ट आचार ठरत नाहीत एवढेच सांगितले आणि मार्गदर्शक तत्त्वे करायला निवडणूक आयोगाला सांगितले.

बांधावरून
हमीबद्दल. 'हमीभाव' हा मराठीने स्वतः घडवलेला आणि सरकारने कधीच न दिलेला शब्द आहे. अधिकृत नाव 'किमान आधारभूत किंमत', म्हणजे एमएसपी. आधार आणि हमी यांत फरक आहे : आधार काढून घेतला तर दाद मागता येत नाही.

कृषी मूल्य आयोग (१९६५ पासून) शिफारस करतो आणि मंत्रिमंडळाची आर्थिक व्यवहार समिती मंजुरी देते. हा प्रशासकीय निर्णय. २२ पिकांचे भाव जाहीर होतात, पण व्यापाऱ्याने त्या भावाखाली घेऊ नये असे सांगणारा केंद्राचा कायदा नाही. सरकारी खरेदी केंद्र उघडले, बारदान आले आणि माल निकषात बसला तर तो भाव मिळतो. सोयाबीनमध्ये ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की हमीभाव पाटीवर आणि शेतकरी आडत्याच्या दारात. २०२०-२१ च्या दिल्लीच्या आंदोलनात मागणीचे शब्द म्हणूनच नेमके होते : एमएसपीची 'कायदेशीर हमी'. आपल्याकडे बातमीत ते 'हमीभावाची हमी' असे आले. वाचणारा हसतो, पण भाषांतर बरोबर होते!

आता ऊस बघा. त्याचा दर 'रास्त आणि किफायतशीर', म्हणजे एफआरपी. नावात हमी नाही, पण खरी हमी इथे आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. थकवणाऱ्या कारखान्यावर साखर आयुक्त महसुली वसुलीचे प्रमाणपत्र काढतात, त्याला सगळे 'आरआरसी' म्हणतात. फरक एवढाच, की हे वचन सरकारने दिले आणि पैसे कारखान्याने द्यायचे. दुसऱ्याच्या खिशातून दिलेली हमी कडक असते.

'दीडपट' हाही तसाच शब्द. १ फेब्रुवारी २०१८ च्या अर्थसंकल्पी भाषणात उत्पादन खर्चाच्या दीडपट भाव सांगितला. दीडपट सगळ्यांना ऐकू आले, 'उत्पादन खर्च' म्हणजे कोणता ते नंतर कळले. ए२ म्हणजे बी-खत-मजुरीचा प्रत्यक्ष खर्च, एफएल म्हणजे घरच्या माणसांच्या श्रमाचे मोल, आणि सी२ मध्ये स्वतःच्या जमिनीचे खंडमूल्य व भांडवलावरचे व्याजही येते. सरकारने ए२ अधिक एफएल धरले, शेतकरी संघटना सी२ मागत होत्या. वचन पाळले असे सरकार म्हणते, मोडले असे संघटना म्हणतात, आणि दोघांचा गुणाकार बरोबर आहे.

पडताळा
रोजगार हमीतली हमी वेगळीच. महाराष्ट्राचा कायदा १९७७ चा, २६ जानेवारी १९७९ पासून अमलात. केंद्राने २००५ च्या कायद्यात तीच कल्पना १०० दिवसांच्या मर्यादेसह घेतली. त्या कायद्यात काम मागितल्यावर १५ दिवसांत मिळाले नाही तर बेरोजगार भत्ता होता : पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान चौथा हिस्सा, पुढे किमान निम्मी. 'न दिल्यास काय' हे लिहिलेले असेल तरच हमी म्हणावे.

आणि तरीही ती कुठे फसायची? तारखेत. १५ दिवस मोजायचे तर काम मागितल्याची तारीख हवी, म्हणजे नमुना ४ भरल्याची दिनांकित पोच हवी. पोचच दिली नाही तर मागणी नाही, आणि मागणी नाही तर भत्ता नाही. शिवाय भत्ता राज्याच्या तिजोरीतून द्यायचा होता, त्यामुळे नोंद टाळण्यात राज्ययंत्रणेचा फायदा होता.

बँकेच्या कर्जाला सरकार देते ती तिसरी हमी, तिला मराठीत फार चांगला शब्द आहे : थकहमी. थकले तर मी भरीन. साखर कारखान्यांमुळे हा शब्द गावोगाव माहीत आहे. 'सॉव्हरिन गॅरंटी' समोर आले की 'सार्वभौम हमी' लिहिण्याऐवजी 'सरकारी थकहमी' लिहा, वाचणाऱ्याला लगेच कळेल.

लेखाशीर्ष
'न दिल्यास काय' ही कसोटी पुरी पडत नाही. 'कशातून' हेही विचारा. जीएसटीची भरपाई घ्या. २०१७ च्या कायद्याने केंद्राने राज्यांना सांगितले : २०१५-१६ चा महसूल पाया धरून दरवर्षी १४ टक्के वाढ गृहीत धरू, त्याहून जे कमी पडेल ते पाच वर्षे भरून देऊ. ३० जून २०२२ पर्यंत. कायदा आहे, आकडा आहे, मुदत आहे. याहून पक्के वचन काय असणार?

पण पैसे द्यायचे ते भरपाई निधीतून, आणि त्या निधीत येतो तो उपकर. २०२० मध्ये टाळेबंदीने उपकरच आटला. केंद्राची भूमिका अशी, की भारताच्या एकत्रित निधीतून भरून देण्याचे बंधन कायद्यात नाही. २७ ऑगस्ट २०२० ला अर्थमंत्र्यांनी 'अ‍ॅक्ट ऑफ गॉड' म्हटले, मराठीत ते 'देवाची करणी' झाले आणि नारळातल्या पाण्याच्या म्हणीला चार दिवस बरे आले. शेवटी केंद्राने कर्ज काढून राज्यांना पुरवले : २०२०-२१ ला १.१ लाख कोटी, पुढच्या वर्षी १.५९ लाख कोटी रुपये. ते फेडण्यासाठी उपकराची मुदत मार्च २०२६ पर्यंत वाढवली. म्हणजे वचन टिकले, पण ग्राहकाने आणखी काही वर्षे उपकर भरून ते टिकवले. इथे 'हमी' न लिहिता कायद्यातलाच 'भरपाई' शब्द ठेवावा, आणि निधीचे नाव गाळू नये.

अर्धविराम
सगळे नामांच्या मागे लागला आहात. वचन क्रियापदात असते.

मराठी कायद्याच्या भाषेत 'शॅल'चे भाषांतर साध्या भविष्यकाळाने होते. राज्य कायद्यापुढे समानता 'नाकारणार नाही', हे संविधानातले वाक्य. अमुक अधिकारी नोंद 'ठेवील'. आपला -ईल भाकीतही करतो, वचनही देतो आणि आज्ञाही करतो. 'पाऊस येईल' आणि 'राज्य शिक्षण देईल' यांचे व्याकरण एकच आहे. वाचणारा दुसरेही भाकीत समजतो यात त्याचा दोष नाही.

म्हणून -ईलच्या आधी काय जोडले आहे ते बघायचे. अनुच्छेद ४५ चा मूळ मजकूर : संविधान लागू झाल्यापासून दहा वर्षांत १४ वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण मिळावे यासाठी राज्य 'प्रयत्न करील'. निदेशक तत्त्वांमध्ये तारीख असलेले हे एकमेव कलम. मुदत १९६० ला संपली आणि काही झाले नाही, कारण बंधन प्रयत्नांचे होते, आणि अनुच्छेद ३७ प्रमाणे ही तत्त्वे कोर्टातून बजावून घेता येत नाहीत. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-क आला, वयाची मर्यादा ६ ते १४ झाली आणि 'प्रयत्न' गेला. मग २००९ चा कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्यात पुन्हा मुदती : इमारत-वर्गखोल्यांचे निकष तीन वर्षांत, अप्रशिक्षित शिक्षकांची पात्रता पाच वर्षांत. ही दुसरी मुदत २०१७ ला दुरुस्ती करून ३१ मार्च २०१९ पर्यंत न्यावी लागली. एका 'प्रयत्न'ला वगळायला पन्नासहून जास्त वर्षे लागली. भाषांतरकार मात्र 'एंडेव्हर' दिसला की कधीकधी तो 'करेल'मध्ये गुंडाळून मोकळा होतो.

हेच पॅरिसला २०१५ च्या हवामान करारात घडले. अनुच्छेद ४.४ मध्ये विकसित देशांनी उत्सर्जन घटवण्यात पुढाकार 'शॅल' की 'शुड', यावर शेवटच्या तासांत सगळे अडले. अमेरिकेला 'शॅल' नको होता, आणि अखेर 'शुड' ही तांत्रिक दुरुस्ती म्हणून वाचून दाखवली गेली. मराठीत 'घेतील' आणि 'घ्यावा' एवढाच तो फरक. देशांच्या उद्दिष्टांनाही तिथे 'कमिटमेंट' म्हणत नाहीत, 'कॉन्ट्रिब्युशन' म्हणतात, आणि हा शब्द २०१३ ला वॉर्सात मुद्दाम निवडला होता. तेव्हा भारताची 'राष्ट्रीय वचनबद्धता' असे लिहिणे चूक. 'राष्ट्रनिर्धारित योगदान' जड वाटते, पण खरे आहे.

त्यातलाच एक सापळा : २०२२ ला भारताने सांगितलेले २०३० पर्यंतचे बिगर-जीवाश्म स्रोतांचे ५० टक्के हे वीज 'निर्मिती'चे नाहीत, 'स्थापित क्षमते'चे आहेत. सौर प्रकल्पाची क्षमता रात्रीही कागदावर असते.

तळटीप
'तत्त्वतः मान्यता'?

लेखाशीर्ष
म्हणजे पैसे अजून नाहीत. २०१७ च्या जूनमध्ये राज्याच्या कर्जमाफीने 'सरसकट', 'तत्त्वतः' आणि 'निकषांसह' हे तिन्ही शब्द एका दमात ऐकवले होते. ११ जूनला सरसकट आणि तत्त्वतः, २८ जूनच्या शासन निर्णयात दीड लाखाची मर्यादा. सरसकटला निकष लागला की तो सरसकट राहत नाही, हे सांगायला व्याकरणकार लागत नाही.

केंद्रातही उतरंड तीच. तत्त्वतः मान्यता, मग मोठ्या योजनेला व्यय वित्त समिती, मग मंत्रिमंडळ, मग अर्थसंकल्पात तरतूद. 'तरतूद' मूळ अरबी तरद्दुद, म्हणजे येरझार, खटपट. ती अजून संपलेली नाही : अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च असे तीन वेगळे आकडे असतात आणि बातमीत पहिलाच येतो. पुरवणी मागणीत एखाद्या बाबीपुढे फक्त १ लाख रुपये दिसले तर ती नाममात्र मागणी. पैसे त्याच अनुदानातल्या बचतीतून वळवायचे असतात, संसदेची परवानगी तेवढी घ्यायची असते. ते पाहून 'योजनेला अवघे एक लाख' असा मथळा देऊ नये.

काना-मात्रा
एका शब्दाचे कुणी नाव काढले नाही : कौल. अरबी 'कौल' म्हणजे बोल, दिलेला शब्द. मराठेशाहीत गाव उजाड झाले की रयत परत यावी म्हणून सरकार कौल देई. पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्याला पहिल्या वर्षी नाममात्र सारा, मग दरवर्षी चढता, ठरल्या मुदतीने पुरा. त्या चढत्या आकारणीला इस्तावा म्हणत. कोणाला, किती, कोणत्या वर्षी, सगळे कागदावर. धोरणात्मक 'कमिटमेंट'चे इतके चोख मराठी रूप दुसरे नाही.

पुढे दिशा उलटली. कोकणात-गोव्यात देवाला कौल लावतात, तो देव देतो. निवडणुकीत कौल जनता देते. सरकार मात्र आता कोणालाच कौल देत नाही.

पडताळा
'कौलकरार' अजून बोलण्यात आहे की. पण भाषांतरात नको, वाचणाऱ्याला मतमोजणी आठवेल.

तळटीप
मग सध्या असे करतो. सभागृहात बोललेले ते आश्वासन, बाहेरचे घोषणा. न दिल्यास काय ते कायद्यात असेल तरच हमी, कर्जाला थकहमी. पॅरिसच्या प्रकरणात योगदान. 'कटिबद्ध' सगळीकडून काढले. एका ठिकाणी अडलो आहे : 'कमिटेड एक्स्पेंडिचर', म्हणजे वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज.

लेखाशीर्ष
'बांधील खर्च'. तिथे 'वचनबद्ध' लिहू नका. व्याज वचन म्हणून देत नाहीत, द्यावेच लागते.