शब्दचर्चा : लिनक्समध्ये प्रोग्रॅम ‘साठवतात’ की ‘बसवतात’?

(बोलणाऱ्यांची नावं नागपूरच्या वस्त्यांवरून.)

धरमपेठ : लिनक्स या संगणक-प्रणालीवरच्या एका मराठी टिपणात वाक्य आहे, ‘स्थापित अनुप्रयोग व त्यांचा विदा कोठे साठवला जातो’. व्याकरण ठीक, पण कानाला खटकतं. ‘विदा’ म्हणजे डेटा; ‘अनुप्रयोग’ (म्हणजे प्रोग्रॅम) सध्या सोडून देऊ. ‘साठवणे’ इथे चालेल का?

महाल : निम्मं चालेल. साठण्यात भर पडत जाणं आहे. टाकीत पाणी साठतं, कणगीत ज्वारी साठवतात. प्रोग्रॅम एकदा बसवला की नवी आवृत्ती येईपर्यंत तेवढाच राहतो. म्हणून प्रोग्रॅम बसवला, सेटिंग ठेवलं, विदा साठवला. लिनक्सनंही या तिघांना वेगळ्या जागा दिल्यात: /यूएसआर, /ईटीसी आणि /व्हार. शेवटचं ‘व्हेरिएबल’चं लघुरूप, म्हणजे सतत बदलणारं. मायएसक्यूएल या डेटाबेसचे तक्ते /व्हार/लिब/मायएसक्यूएलमध्ये, प्रोग्रॅमांच्या कामकाजाच्या नोंदी (लॉग) /व्हार/लॉगमध्ये. डिस्क फुगते ती बहुधा इथेच.

सक्करदरा : आणि ‘कोठे’ हे एकवचनही फसवं आहे, भाऊ. विंडोजच्या सवयीनं एकच फोल्डर शोधाल तर हाती काही लागणार नाही. चालणारी फाइल /यूएसआर/बिनमध्ये (हे ‘बायनरी’चं बिन, कचऱ्याचं नव्हे), लायब्ररी (प्रोग्रॅमांना लागणारे सामायिक भाग) /यूएसआर/लिबमध्ये, चिन्हं आणि भाषांतरं /यूएसआर/शेअरमध्ये. मराठी भाषांतराच्या फायली बघायच्या तर /यूएसआर/शेअर/लोकेल/एमआर/एलसी_मेसेजेस उघडा. याला मराठीत ‘पसारा’ हाच शब्द, फक्त मांडून ठेवलेला पसारा.

या फायलींची यादी उबुंटू-डेबियन या लिनक्सच्या प्रकारांवर ‘डीपीकेजी -एल’ हा आदेश आणि पुढे पॅकेजचं (प्रोग्रॅमच्या फायलींच्या गठ्ठ्याचं) नाव दिलं की मिळते. एल मोठ्या लिपीतलाच हवा. लहान लिहिला तर पॅकेजच्या अवस्थेची एक ओळ येते, फायली नाही. फेडोरा या दुसऱ्या प्रकारावर ‘आरपीएम -क्यूएल’, तिथे दोन्ही अक्षरं लहान. फाइल कोणत्या पॅकेजची हे विचारायला ‘डीपीकेजी -एस’, मोठा एस. डेबियन 12 वर /यूएसआर/बिन/एलएसबद्दल (एलएस म्हणजे फायलींची यादी दाखवणारा आदेश) विचारलं तर ‘असा मार्ग नाही’ म्हणतो. फाइल तर समोर दिसते! कारण पॅकेजच्या नोंदीत जुना /बिन/एलएस आहे आणि /बिन आता /यूएसआर/बिनकडे नेणारा नुसता दुवा आहे. जुन्या मार्गानं विचारा, उत्तर येतं.

धरमपेठ : यूएसआर म्हणजे यूजर ना? मग ‘वापरकर्ता’ लिहू का?

महाल : नको. लिनक्सचा पूर्वज असलेल्या जुन्या युनिक्सवर वापरकर्त्यांची घरं (खासगी फोल्डर) खरंच तिथे होती. पुढे ती /होममध्ये गेली आणि नाव मागे राहिलं. आज तुमचा खासगी विदा घरातल्या .लोकल/शेअरमध्ये, सेटिंगं .कॉन्फिगमध्ये. आधी टिंब असल्यानं लपलेले असतात, फाइल व्यवस्थापकात कंट्रोल-एच दाबा.

सीताबर्डी : ‘काढणे’ची पण चर्चा व्हावी. उबुंटू-डेबियनवर पॅकेज टाकणाऱ्या-काढणाऱ्या एपीटीचं ‘रिमूव्ह’ म्हणजे काढणे. /ईटीसीतलं सेटिंग मागे राहतं आणि ‘डीपीकेजी -एल’ (लहान एल) त्या पॅकेजच्या ओळीपुढे ‘आरसी’ (काढलं, पण सेटिंग शिल्लक) दाखवतो. ‘पर्ज’ म्हणजे मुळासकट उपटणे. पण तुमच्या घरातल्या टिंबवाल्या फोल्डरांना पर्जही हात लावत नाही, ते हातानंच काढावे लागतात. आणि ‘पुसणे’ हा तिसरा प्रकार तर करूच नका. /यूएसआर/बिनमधली फाइल थेट पुसली तरी पॅकेजच्या नोंदीत प्रोग्रॅम बसलेलाच राहतो. परत टाकायला गेलं की एपीटी म्हणतो, सर्वांत नवी आवृत्ती आधीच आहे. तेव्हा ‘इन्स्टॉल’सोबत ‘--रीइन्स्टॉल’ द्यावं लागतं.

धरमपेठ : ‘परत टाकायला’ हेच बरं वाटतं. आपल्याकडे ‘लिब्रेऑफिस टाकून घे’ असंच म्हणतात, ‘स्थापित कर’ कोणी म्हणत नाही.

सक्करदरा : बोलण्यात ‘टाकणे’, लिहिण्यात ‘बसवणे’. पण महालवाल्यांच्या नियमाला एक खोच आहे. फ्लॅटपॅक ही प्रोग्रॅम टाकायची वेगळी पद्धत प्रोग्रॅमच मुळी /व्हार/लिब/फ्लॅटपॅकमध्ये टाकते आणि गरज संपलेले रनटाइमही (प्रोग्रॅम चालायला लागणारे सामायिक संच) तिथे पडून राहतात. ते ‘फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल --अनयूज्ड’नं जातात. स्नॅप ही तशीच दुसरी पद्धतही मागची आवृत्ती ठेवून देते. (डिस्कवरची जागा दाखवणाऱ्या ‘डीएफ’ आदेशात स्नॅप 100 टक्के भरलेले दिसले तर घाबरू नका. ते फक्त वाचायचे असतात, म्हणून कायम भरलेलेच.) या दोघांच्या बाबतीत प्रोग्रॅमसुद्धा ‘साठतात’ म्हणायला माझी हरकत नाही.