'क्राउन'ला मराठीत काय म्हणायचं? आणि त्याआधी 'इंडिजिनस'ला?

शाईदौत
आमच्या मंडळाच्या (टोरांटोजवळचं) दिवाळी अंकासाठी एक लेख मराठीत करतेय. कॅनडात सरकारच्या बाजूने फौजदारी खटले चालवणाऱ्यांत तिथल्या मूळ लोकांतले वकील फार थोडे आहेत. ते मुद्दाम शोधून घ्यावेत, असा लेखाचा विषय. मी 'आदिवासी सरकारी वकिलांची भरती' असं लिहिलं आणि मुद्रितं तपासणाऱ्या काकांनी तिन्ही शब्दांखाली लाल रेघ ओढली. "आदिवासी म्हणजे आपले भिल्ल, गोंड, वारली. इथल्यांना मूलनिवासी म्हण. सरकारी वकील म्हटलं की दिवाणी दाव्यात सरकारची बाजू मांडणारा जीपीपण (गव्हर्नमेंट प्लीडर) आला, म्हणून अभियोक्ता लिही. आणि भरती पोलिसांची होते, वकिलांची नेमणूक होते."

माझं घोडं अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. इथे त्या वकिलाला सगळे नुसतं 'क्राउन' (मुकुट, म्हणजे राजसत्ता) म्हणतात. "आज क्राउन कोण आहे?" "ती गेल्या वर्षी क्राउन झाली." मूळ लोकांशी १८७१ ते १९२१ या काळात जे अकरा क्रमांकित करार झाले तेही क्राउननेच केले, आणि सरकारी जमिनीला आजही क्राउनची जमीन म्हणतात. क्री या मूळ समाजातल्या घरातली मुलगी कोर्टात 'क्राउन' म्हणून उभी राहते, तेव्हा हे सगळं त्या एका शब्दात असतं. 'सरकारी वकील'मध्ये त्यातलं काही उरत नाही. काय करू?

कोर्टकचेरी
मी चौदा वर्षं हेच काम केलंय, म्हणून सांगते. लोकसेवा आयोगाच्या जाहिरातीत पद असतं 'सहायक सरकारी अभियोक्ता, गट-अ'. दारावरच्या पाटीवरही तेच. पण व्हरांड्यात हा शब्द मी कधी ऐकला नाही. कोर्ट पैरवीचा हवालदार म्हणतो, "पीपी (पब्लिक प्रॉसिक्युटर) साहेबांनी बोलावलंय." साक्षीदार म्हणतो, "सरकारी वकीलबाई." न्यायाधीश म्हणतात, "सरकार पक्ष?" त्यामुळे काकांचा मुद्दा कागदावर बरोबर असला तरी वाचकाला 'सरकारी वकील'च कळेल. जीपीची शंका 'फौजदारी' हा एक शब्द जोडला की मिटते.

आणखी एक. 'आदिवासी सरकारी वकील' वाचून निम्म्या लोकांना वाटेल, आदिवासींच्या बाजूने लढणारा वकील. इथे तर तो आरोपीच्या विरुद्ध उभा राहतो, आणि आरोपीही पुष्कळदा त्याच्याच समाजातला. 'आदिवासी समाजातले सरकारी वकील' असं फोडून लिहा.

निर्भेळ
वकील अरबी, सरकार फारसी, फिर्याद फारसी. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो कशासाठी? दरबारातले परके शब्द जावेत म्हणून. अभियोग, अभियोक्ता, अभियुक्त अशी अख्खी मालिका संस्कृतात तयार आहे. एकच धातू, तिन्ही अर्थ स्पष्ट. वापरलाच नाही तर शब्द रुळणार कसा? 'महापौर' आज कोणाला खटकतो का?

मोडीवाचक
'महापौर' रुळला कारण शहरात महापौर एकच असतो आणि त्याचं नाव रोज छापून येतं. अभियोक्त्याचं तसं नाही. आणि 'वकील' परका कसा? पेशवाईत वकील म्हणजे परदरबारी आपली बाजू मांडणारा माणूस. पुण्यात निजामाचा वकील असे, आपले वकील दिल्लीला असत. महादजींनी बादशहाकडून पेशव्यांसाठी मिळवलेलं पदही वकील-इ-मुतलक. म्हणजे 'कोणाचा वकील' हा प्रश्न त्या शब्दाच्या पोटातच आहे, आणि शाईदौतताईंना तेच तर हवंय.

आता क्राउनबद्दल. हा शब्द आपल्या कोर्टांतही होऊन गेलाय. टिळकांवरचा १८९७चा खटला 'राणी-सम्राज्ञी विरुद्ध' असा चालला आणि १९०८चा 'सम्राट विरुद्ध' असा. बोलण्यात लोक 'सरकार विरुद्ध टिळक'च म्हणत आलेत. त्या काळी 'सरकार'मध्ये तो मुकुट ऐकू येत असे. आता येत नाही, कारण सरकार आपलं झालं.

सातपुडा
धडगावकडचा आहे. वकिलीचा शब्द तुम्ही ठरवा, पहिल्या शब्दाबद्दल मी बोलतो. आम्ही स्वतःला आदिवासी म्हणतो. ९ ऑगस्टला मिरवणूक निघते ती जागतिक आदिवासी दिनाची. घटना समितीत जयपालसिंग मुंडांनी याच शब्दाचा आग्रह धरला होता. घटनेत 'अनुसूचित जमाती' आलं, तो कागदाचा शब्द झाला. 'वनवासी' आम्हाला मुळीच नको, कारण त्यात फक्त जंगल येतं, आधीपासून इथे असणं येत नाही. आणि 'मूलनिवासी' महाराष्ट्रात वेगळ्या चळवळीचा शब्द आहे, त्यात सगळा बहुजन समाज धरतात. काकांना ते ठाऊक नसावं.

मांडवीकाठ
आणि कोणी 'भूमिपुत्र' सुचवण्याआधी सांगते. गोव्यात २०२१ साली भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक आलं, त्यात तीस वर्षं राहणारा कोणीही भूमिपुत्र ठरत होता. गावडा, कुणबी, वेळीप लोकांनी ठणकावून सांगितलं, हा शब्द आमचा आहे. शेवटी मुख्यमंत्र्यांना तो काढायचं जाहीर करावं लागलं. शब्द कोणाचा, यावरून माणसं रस्त्यावर येतात.

निर्भेळ
म्हणजे 'आदिवासी' शब्द भारतापुरताच. मग कॅनडातल्यांना तो लावणं चूकच.

सातपुडा
असं मी म्हटलं नाही. माझी बहीण त्या लोकांचे व्हिडिओ बघते आणि म्हणते, हे आपल्यासारखेच आदिवासी. तिला कोणी चूक म्हणू नये.

शाईदौत
सगळ्यांचे आभार. काही गोष्टी सांगते, म्हणजे मी का अडलेय ते कळेल. कॅनडाच्या १९८२च्या राज्यघटनेच्या ३५व्या कलमात तीन समाज आहेत: इंडियन (भारतीय नव्हे, तिथल्या मूळ लोकांना कायद्यात दिलेलं नाव), उत्तर ध्रुवाकडचे इन्युइट आणि मूळ लोक व युरोपीय यांच्या मिश्र वंशाचे मेटी. २०२१च्या जनगणनेत मिळून ५ टक्के. केंद्राच्या तुरुंगांत मात्र कैद्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश. शिक्षा देताना आरोपीच्या समाजाचा इतिहास पाहा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९९मध्ये ग्लॅड्यू खटल्यात बजावलं, तरी आकडा चढतच गेला. आणि १८७६च्या कायद्यात असं होतं की इंडियन माणूस वकील झाला की तो कायद्याने इंडियन उरत नसे. म्हणजे 'इंडियन वकील' हे दोन शब्द जोडून लिहिण्याची सोयच नव्हती. पुढे १९२७ ते १९५१ जमिनीच्या हक्कासाठी वकील करायला पैसे गोळा करणं हासुद्धा गुन्हा. मी तिथे 'अभियोक्ता' लिहिते तेव्हा हे सगळं गुळगुळीत होतं असं वाटतं.

उत्तरेच्या तिन्ही प्रदेशांत फौजदारी खटले केंद्राचेच वकील चालवतात. नुनावुटमध्ये शंभरातले पंच्याऐंशी लोक इन्युइट आणि क्राउन बहुतेकदा दक्षिणेतून विमानाने आलेला. तिथे अकित्सिराक नावाचा कायद्याचा अभ्यासक्रम काढला, २००५ साली त्यातून अकरा जण पदवीधर झाले. अकरा जणांना 'भरती' म्हणणं मलाही जड जातंय.

कोर्टकचेरी
आपल्याकडे ७ टक्के आरक्षणातून आदिवासी उमेदवार या पदावर येतात, म्हणून 'भरती' चालतं. तिकडे बोलावून आणायचं आहे, तर 'सामावून घेणे' लिहा.

माझा एक अनुभव लिहिते. गडचिरोलीत असताना एका खुनाच्या खटल्यात मयताची आई साक्षीला आली होती. माडिया बोलणारी. मी मराठीत विचारायची, दुभाषी माडियात सांगायचा. तासभर ती त्याच्याकडेच बघून बोलली. मी तिच्या मुलासाठी उभी होते, आणि माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. उलटतपासणीला बचाव पक्षाचा वकील उठला, तो त्याच भागातला. त्याने तिच्या भाषेत पहिला प्रश्न विचारला, तशी ती त्याच्याकडे वळली आणि पदर सावरून नीट बसली. त्या दिवशी मला कळलं की 'सरकार पक्ष' म्हणजे तिच्या दृष्टीने कोण. तुमच्या लेखातली क्री मुलगी क्राउन झाल्याने काय बदलतं, ते मी त्या पदरात पाहिलंय.

मोडीवाचक
वाचून गप्प झालो. 'फिर्याद'चा मूळ अर्थ मदतीसाठी मारलेली हाक. त्या बाईची हाक होती, आणि ती ऐकणारा माणूस दुसऱ्या बाजूला बसला होता.

निर्भेळ
अनुभव मोलाचा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण 'दुभाषी' की 'दुभाष्या'? कोशात दोन्ही आहेत. 'दुभाषी' हे विशेषण, माणसासाठी 'दुभाष्या' हवं.

कोर्टकचेरी
समन्सवर 'दुभाषी'च लिहिलेलं असायचं.

शाईदौत
सस्कॅचेवानात २००१पासून क्री भाषेत चालणारं फिरतं न्यायालय आहे. तिथे न्यायाधीश क्री बोलतात आणि क्राउनही. या परिच्छेदात मी 'क्राउन' तसाच ठेवलाय आणि पहिल्यांदा येतो तिथे 'म्हणजे सरकार पक्षाचा वकील' असं जोडलंय. काकांना आज रात्री पाठवते. 'आदिवासी'वर ते अजून अडून आहेत.

सातपुडा
त्यांना माझा वरचा प्रतिसाद दाखवा. आणि दुभाषाला आमच्या पावरी बोलीत काय म्हणतात, ते आईला विचारून सांगतो. आमच्या घरी ते काम कायम शाळेत जाणारं पोरच करत आलंय, त्याला वेगळा शब्द असेल असं वाटत नाही.