मदत हवी आहे: दोघांसाठी हलका तंबू कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी, मी ठाण्याचा. डिसेंबरात मुलीसोबत वैशाखऱ्याकडून नाणेघाट चढून वर पठारावर मुक्काम करायचाय. जुना तंबू गेल्या पावसाळ्यात शिवणीतून गळला, पोरगी रात्रभर कुडकुडली. ते पुन्हा नको.

डिकॅथलॉनचा एमएच १०० दणकट वाटतो, किंमतही परवडते, पण वजन अडीच किलोच्या आसपास. सगळं माझ्याच पाठीवर येणार. नेचरहाइकचा क्लाउड अप २ बराच हलका, मात्र पायाकडची बाजू खुंट्यांनी ताणावी लागते. वर तर नुसता कातळ! तिथे दोऱ्यांना दगड बांधून घाटातल्या वाऱ्यात तो टिकतो का? त्याचं पातळ कापड खडकावर फाटत नाही ना? खाली वेगळी ताडपत्री घ्यावी का? दोन्ही वापरलेल्यांनी कृपया अनुभव सांगा. बजेट १०,००० रुपये.