टायर प्रेशरचा दिवा विझत नाहीये, पहाटे निघायचंय - मदत हवी आहे

वर्धा_रोड: चार दिवसांपासून टायर प्रेशरचा पिवळा दिवा जात नाहीये. पंपावर दोनदा जाऊन चारही चाकांत ३३ हवा भरली. उद्या पहाटे पाचला नागपूरहून समृद्धीने शिर्डीला निघतोय, सोबत आई आहे. दिवा कसा घालवायचा तेवढं सांगा.

नटबोल्ट: गाडी कोणत्या सालची? दिवा आधी लुकलुकतो का? स्क्रीनवर प्रत्येक चाकाचा आकडा येतो का?

संत्रानगरी: भाऊ, नायट्रोजन भरून घ्या. मी तीन वर्षांपासून तोच भरतो, उन्हाळ्यात प्रेशर वाढतच नाही.

नटबोल्ट: वाढतं हो. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. कोणताही वायू तापला की प्रेशर वाढणारच.

हिरवा_सिग्नल: सेटिंगमध्ये जाऊन रीसेट करा, विषय संपला. माझ्या गाडीच्या चाकात प्रेशरचा सेन्सर नाहीच, एबीएसवरूनच (ब्रेकची यंत्रणा, ती प्रत्येक चाकाचा वेग मोजते) कळतं. हवा उतरलेल्या चाकाचा घेर किंचित कमी होतो, म्हणून ते बाकीच्यांपेक्षा जोरात फिरतं. हवा भरून रीसेट केलं नाही तर दिवा तसाच राहतो.

वर्धा_रोड: रीसेट करून झालं. गाडी २०१७ ची. दिवा मिनिटभर लुकलुकतो, मग तसाच राहतो. तीन चाकांचे आकडे येतात, मागच्या डाव्याच्या जागी नुसत्या रेघा. पण हवा बरोबर आहे म्हटलं ना!

नटबोल्ट: आकडे येतात म्हणजे तुमच्या चाकांत सेन्सर आहेत, तिथे हिरवा_सिग्नल यांचा उपाय चालणार नाही. मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहिला तर बहुतेक गाड्यांत त्याचा अर्थ यंत्रणा बिघडली असा असतो. व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला सेन्सर असतो, तो रेडिओवरून आकडा पाठवतो. आतली बॅटरी सीलबंद, पाच ते दहा वर्षं चालते, संपली की अख्खा सेन्सरच बदलायचा. तुमची बॅटरी संपली असेलही. पण त्या चाकाला हल्ली कुणी हात लावला होता का?

वर्धा_रोड: शनिवारी पंक्चर काढलं. त्याचा इथे काय संबंध?

मालवणी_चाक: तोच तर संबंध! बाहेरून दोरी लावली की टायर रिममधून उतरवून आतून पॅच मारला? उतरवताना मशीनचं पातं व्हॉल्व्हपाशी आलं तर सेन्सर तुटतो. आमच्याकडे खाऱ्या हवेचा वेगळाच त्रास. माझ्या ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हवर पितळी टोपी गंजून चिकटली, फिरवायला गेलो तर व्हॉल्व्हच मोडला. टोपी प्लास्टिकचीच घाला.

जर्सीकर: इथे न्यू जर्सीत थंडी पडली की हा दिवा लागतोच. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की साधारण एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, तुमचे ३३ त्यातलेच) कमी. अमेरिकेत सप्टेंबर २००७ पासून नव्या गाड्यांत ही दिव्याची यंत्रणा सक्तीची आहे.

संत्रानगरी: इथे ४५ डिग्री आहे हो, थंडी कुठून आणू! आणि २०२० पासून भारतात टीपीएमएस (हीच टायर प्रेशरची यंत्रणा) आणि पंक्चर किट असलेल्या ट्यूबलेस गाड्यांना स्टेपनीची सक्तीही नाही. मला हे मुळीच पटत नाही.

वर्धा_रोड: पॅच मारला, टायर उतरवला होता. म्हणजे आता दिवा विसरून निघू?

नटबोल्ट: नाही! त्या चाकाची हवा उतरली तरी गाडी तुम्हाला सांगणार नाही. पहाटे गाडी हलवायच्या आधी, टायर गार असताना, स्वतःच्या गेजने मोजा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर आकडा आहे, तोच धरा. व्हॉल्व्हच्या बुडाशी साबणाचं पाणी टाकून बघा. आणि दुपारी वाटेत आकडा चार-पाच वाढलेला दिसला तर तापलेल्या टायरची हवा सोडू नका.

वर्धा_रोड: पहाटे ४.२०. तीन चाकांत ३३, मागच्या डाव्यात २६. साबणाचं पाणी टाकलं, व्हॉल्व्हच्या बुडाशी बुडबुडे. स्टेपनीत ३३ भरलेली होती, ती लावली. दिवा पेटलेलाच आहे, तसाच निघतोय.