गतिरोधक मापात हवेत
ताई, गटाराचं काम सुरू झालं आणि शाळेसमोर तीन गतिरोधक मंजूर झाले, हे तुम्ही कळवलंत, बरं वाटलं. गटार पावसाळ्याआधी उरकलं म्हणजे मिळवली!

गतिरोधकांबद्दल मात्र बोलायचंय. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मानकानुसार ताशी २५ किमी वेगासाठी गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच हवा. म्हणजे गाडी त्यावर अलगद चढते-उतरते. आपल्याकडे हातभर रुंदीचा डांबराचा उंचवटा ओततात. अशाच एकावर रिक्षा आदळली आणि आईचं कंबरदुखीचं जुनं दुखणं उपटलं. काळे-पांढरे पट्टे आणि गतिरोधकाच्या थोडं अलीकडे सूचनाफलकही लागतो, नाहीतर रात्री दुचाकीवाल्याला दिसणार कसं? बिल निघण्याआधी मोजून घ्या. टेप घेऊन मी येतो.